पारा उतरवला, ताप कुठे नेला

बाबा, आज तुमचा बजबज गावचा तेलाचा डेपो आठवला. रविवारी कधी तुम्ही मला तिथे न्यायचात, तेलाच्या टाकीत वजन बांधलेली मोजपट्टी सोडायचात आणि वर काढून ओली खूण वाचायचात. आकडा नको तसा आला तर पट्टी पुसून पुन्हा सोडायचात, पण वहीतला पहिला आकडा खोडायचा नाहीत. वरून साहेब तपासणीला येणार म्हटलं की बाकीचे भिंती रंगवायला धावायचे. तुम्ही आपले टाकीपाशीच. तुमची मुलगी असून मी काय केलं ते ऐका.

मला आमवात आहे. सकाळी बोटं वळत नाहीत, कुकरचं झाकण तुमची नात उघडून देते. प्रतिकारशक्तीला आवर घालणारी एक गोळी आठवड्यातून एकदा, रविवारी घ्यायची असते. तिचा लिव्हरवर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं. मागे एकदा लिव्हरचा आकडा वाढलेला आला, कागदावर ठळक अक्षरांत, आणि माझी पाचावर धारण बसली. डॉक्टरांनी औषध बंद केलं तर हात पुन्हा गेले, एवढंच डोक्यात. मग पुढच्या तपासणीआधीचे काही रविवार मी गोळी घेतलीच नाही. रिपोर्ट चांगला आला आणि मी खूश. पाहुणे यायच्या आधी पसारा कपाटात कोंबावा, तसलाच प्रकार.

काल न्यू टाउनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझी सुजलेली बोटं दाबून पाहिली. रक्त ठीक आहे, सूज मात्र आहे, म्हणजे गोळी कमी पडते, डोस वाढवू, असं म्हणत त्यांनी पेन उचललं. आणि एकदम आपलं स्वयंपाकघर दिसलं. मी नऊ-दहा वर्षांची, महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात माझं काम आहे, अंगात ताप आहे, आणि मी थर्मामीटर झटकून तुमच्या हातात देते. तुम्ही तो न बघताच माझ्या कपाळावर हात ठेवता.

“अगं, पारा उतरवलास, ताप कुठे नेलास?”

मी डॉक्टरांना सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, याचीच जास्त लाज वाटली. एका वाढलेल्या आकड्यावरून औषध लगेच बंद होतंच असं नाही, म्हणाले. आधीचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघायचे, रक्त पुन्हा तपासायचं, लागलं तर डोस थोडा कमी करायचा. पण खऱ्या आकड्याशिवाय डोस वाढवला असता तर लिव्हरला महागात पडलं असतं. किती वेळा चुकवली गोळी, त्यांनी विचारलं, आणि माझं उत्तर लिहून घेतलं. आता पुढचा डोस त्या उत्तरावर ठरणार आहे.

हे पत्र तुमच्या जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवते, दुसरं कुठे धाडणार. डॉक्टरांना मी ‘दोनदा चुकवली’ असं सांगितलं. चारदा चुकवली होती, बाबा.