मधोमध छापलेली ओळ

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमच्याशी भांडायचं माझं अजून बाकी आहे. भांडण म्हणजे एकच प्रश्न. त्या दिवशी तुम्ही खुर्चीवरून का उठलात? आज ऑफिसात नव्या पोरांना शिकवत होते. एकेक अक्षर येईल तसं मेमरीत जमा करत जायचं, स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची सगळी ओळ, पुरी झाली की मगच ती बाहेर द्यायची. आता मेमरीतली जागा आपोआप वाढत जाते. आमच्या वेळी ती आधी सांगून राखावी लागायची, असं म्हटल्यावर पोरं हसली, जणू मी बंबात पाणी तापवायच्या गोष्टी सांगत होते. मग माझं कामात लक्ष लागेना.

परभणीत स्टेशनजवळ औषधाच्या दुकानावरची तुमच्या कॉम्प्युटर क्लासची ती खोली. चपला बाहेर काढायच्या, मशीनवरची चादर घडी करून ठेवायची आणि लाइट आहे तोवर होईल तेवढं उरकायचं. मी चुडाव्याहून गाडीनं यायचे. तुम्ही झरीचे, मोठ्या शेतीवाडीच्या घरातले, हैदराबादला शिकून आलेले. तुमची बोलणी पहिल्यांदा खाल्ली ती एका कॉलेजच्या दाखल्यांच्या प्रोग्रॅमवरून. वर विद्यापीठाचं नाव मधोमध छापायचं होतं. मी फाइलमधून अक्षर वाचायचं आणि लगेच प्रिंटरला द्यायचं, असं लिहिलं होतं. नाव डाव्या कडेला जाऊन बसलं. तुम्ही प्रिंटरमधून कागद फाडून माझ्यासमोर धरलात. "अक्षर आलं की सांडायलीस कशाला? ओळ केवढी हाय ते कळल्याबिगर मधोमध कशी येईल? आधी सगळी गोळा कर, मोज, मग छाप." सगळ्यांदेखत बोललात म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तुम्ही स्वतः बसलात आणि त्या ओळीसाठी मेमरीत चांगली ऐसपैस जागा राखलीत. मी घुश्शातच म्हटलं, "सर, नाव तर एवढंसंच आहे." तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. जागा कमी पडली की पुढचं सगळं बिघडतंय. आमी लय भोगलंय ते."

ते दिवस नामांतराचे. आमच्या घरातल्या तसबिरीखाली जे नाव होतं ते विद्यापीठाला मिळावं, ही मागणी मी पाटी धरायच्या वयाची असल्यापासून ऐकत होते. त्यापायी आईच्या माहेरी घरं जळाली होती. त्यामुळे नवं माणूस भेटलं की हा कोणत्या बाजूचा हे आधी ताडायची आम्हाला सवयच लागली होती. तुमचं मात्र काही ताडता येईना. तुमचा चुलतभाऊ क्लासात येऊन चहा पीत तावातावानं बोलायचा. "नाव बदलून काय नोकऱ्या लागणार हायेत का ह्यायला?" मी मान खाली घालून कीबोर्डवर बोटं मारत राहायचे, कान सगळे तुमच्याकडे. तुम्ही म्हणायचात, "हळू बोल. पोरी काम करायल्यात." बस्स, एवढंच. मला त्याचा राग यायचा, सर. अजून येतो. त्याला गप्प करायला तुमच्याकडे आणखी एखादं वाक्य नव्हतं का?

मग संक्रांतीला घोषणा झाली. ते नाव मिळालं आणि त्याच्यापुढं जुनं नावही तसंच राहिलं, म्हणजे ओळ चांगली लांबली. पुढं काही दिवसांनी कॉलेजचा शिपाई नव्या नावाचा कागद आणून देतो. तुम्ही मशीनसमोर बसता, फाइल उघडता, जुनी ओळ पुसता. कर्सर लुकलुकतोय. आणि तुम्ही उठता. "तू बस. तू टाक नाव." एवढं म्हणून खिडकीशी जाऊन उभे राहता, आमच्याकडे पाठ करून. मी एकेक अक्षर टाकते आणि प्रत्येक अक्षर पुन्हा पुन्हा बघते, चुकलं तर काय घ्या. प्रिंटर करकरतो. राखलेल्या जागेत सगळी ओळ मावते, प्रोग्रॅमला कुठं हात लावावा लागत नाही. नाव कागदावर मधोमध उतरतं. तुम्ही येऊन कागद उजेडात धरता, "बरोबर आलंय," म्हणता आणि पुढच्या कामाला लागता.

तुम्ही मला मान दिलात, की ते नाव तुम्हाला स्वतःच्या बोटांनी टाकायचं नव्हतं? परतीच्या गाडीत मी हाच विचार करत होते. घरी आईला सांगितलं तेव्हा मात्र शंका गाळून सांगितलं, "सरांनी उठून मला बसवलं." आई रडली. मग शेजारणीला हाक मारून म्हणाली, "एवढ्या मोठ्या घरचा माणूस, खुर्चीवरून उठला बघ माझ्या लेकीसाठी!" पुढं पाहुणे आले की ती हेच सांगायची. माझ्या नोकरीपेक्षा तिला त्याचं कौतुक जास्त होतं.

पुण्याला नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन तुमच्या घरी आले होते. तुम्ही आजारी, अंथरुणाला खिळलेले. तुमच्या मुलीनं चहा आणला. विचारायची वेळ तीच होती आणि मी तयारीही करून आले होते. तुम्ही म्हणालात, "तिकडं थंडी लय असती म्हणं. चांगलं सुटर घे." मी हो म्हटलं, कप ठेवला आणि निघाले.

तुमची मुलगी अजून परभणीतच असते. तिचा पत्ता माझ्याजवळ आहे. त्या दिवशी घरी गेल्यावर तुम्ही काही बोलला असाल तर तिला ते आठवत असेल. हे पत्र तिच्या हाती पडलं, तर ती मला जे खरं असेल ते कळवेल, आडपडदा ठेवणार नाही. म्हणूनच पाठवत नाही. आई जे सांगत गेली, तेवढंच मला हवं आहे.