कट म्हटल्यानंतर

मंगळवार, ३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे. आधी काय घडलं ते क्रमाने.

१. शेवटच्या दृश्याचे सात टेक झाले. मुलगा परगावी निघून जातो, बाई, म्हणजे तू, खोलीत परत येऊन टेबलाशी बसते.
२. सातही टेकमध्ये तू रडलीस. मला रडणं नको होतं.
३. सातव्यानंतर मी कट म्हणाले.
४. कॅमेरा चालू राहू दे, अशी मी कॅमेरामनला हाताने खूण केली.
५. तुला वाटलं, काम संपलं. तू चप्पल काढलीस, टाच दाबलीस. मग समोरचा, मुलाचा, कप उचललास, त्यात उरलेला गार चहा पिऊन टाकलास आणि तळहाताने टेबल पुसलंस.
६. संकलन करताना मी सातही टेक बाजूला ठेवले आणि हा तुकडा लावला.

चौथा मुद्दा तुला माहीत नव्हता. आता झाला. आतापर्यंत ज्यांनी पाहिलं त्यांना हाच भाग सगळ्यात आवडला. कॅमेरामन, जो सहसा कशालाच बरं म्हणत नाही, तो दोनदा बरं म्हणाला. हा माझा पहिला चित्रपट आहे आणि तो या तुकड्यावर उभा आहे. तो ठेवायला तुझी परवानगी हवी.

बाकी ठीक. बाबांचा गुडघा दुखतो, पण ते जिन्याला दोष देतात.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
भाची

शनिवार, ७ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. गुन्ह्याची कबुली अशी आकडे घालून देणारी तूच. लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही तुकडे किती झाले ते आधी सांगितलं होतंस.

परवानगी नाही.

आता कारण ऐक. तीस वर्षं मी पडद्यावर रडते आहे. कुणाची आई म्हणून, कुणाची सासू म्हणून. रडायचं असलं की मला बोलावतात, गळका नळ दुरुस्त करायला प्लंबरला बोलावतात तसं. त्याचं मला वाईट वाटत नाही, ते माझं काम आहे. रडताना मी मनात एकोणिसाचा पाढा म्हणते. एकोणीस सत्ते अडतं आणि डोळे भरून येतात. तुझ्या आतोबांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा एक दिग्दर्शक म्हणाला होता, की बाई, आज ते दुःख वापरा. मी मान डोलावली आणि पाढा म्हटला. त्याला ते इतकं खरं वाटलं की तो स्वतःच नाक पुसत बसला. आतोबांना हे सांगितलं तेव्हा सलाइन लावलेला माणूस हसून हसून खोकला, आणि नर्स मलाच रागावली.

त्यांच्यासाठी जे रडले ते कुणाला दाखवलं नाही, म्हणून तर मी इतकी वर्षं हे काम करून घरी धड पोचले. कट हा माझ्या घराचा उंबरठा आहे, बाळ. तू चपला घालून आत आलीस.

आणि दुसरं. तू ज्याला अभिनय म्हणून लोकांना दाखवणार, तो अभिनय नाही. एक म्हातारी टाच दाबते आणि चहा वाया जाऊ नये म्हणून पिते. सात वेळा मी काम केलं ते टाकलंस, आणि मी काम करत नव्हते तेवढंच ठेवलंस. यावर कौतुक झालं तर मी कुठल्या तोंडाने घेऊ?

सहा वेळा तू मला रडणं कमी, एवढंच म्हणालीस. कमी म्हणजे किती? सगळं जग मोजणारी तू, माझ्याशी बोलताना मात्र माप विसरतेस. एकदा तरी जवळ येऊन सांगायचं होतंस.

तुझे बाबा सांगतात, तू संकलनाच्या खोलीतच चटई टाकून झोपतेस आणि जेवण म्हणजे बिस्किटं. मला तरी दिवसातून दहादा कुणी कट म्हणतं. तुला कोण म्हणतं?

त्यांच्या गुडघ्याला तेल लावायला सांग. जिना निर्दोष आहे.

लोभ आहेच, तो टेकवर अवलंबून नाही.

तुझी,
रडकी आत्या

मंगळवार, १० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर तुला पटवून देणारं उत्तर मी लिहायला घेतलं होतं. सात टेकमधले दोष दाखवायचे म्हणून त्या दिवसाचं सगळं चित्रण पुन्हा लावलं. त्यात एक तुकडा निघाला, जो मी आधी पाहिला नव्हता. चौथ्या टेकनंतर कॅमेरा चुकून चालूच राहिला होता आणि दारातून बाहेरचा बोळ दिसत होता. बोळात मी होते, भिंतीकडे तोंड करून. आत्या, रडू नकोस, हे कसं म्हणायचं याचा सराव करत होते. एकदा हळू, एकदा हसून, एकदा हात जोडून. मग आत आले आणि कमी म्हणाले.

माझा सहायक चहा घेऊन परत येण्याआधी मी तो तुकडा पुसून टाकला. विचार केला नाही, हातच गेला. त्यानंतर लक्षात आलं, की माझा मी लगेच पुसला आणि तुझा चित्रपटात लावून ठेवला आहे. पटवून देणारं पत्र तिथेच थांबलं.

तुझा तुकडा काढला आहे. माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. मूळ चित्रण पत्रासोबतच्या डबीत आहे. ते तुझं आहे, ठेव किंवा फेक. चित्रपटाला सध्या शेवट नाही.

तो तुला विचारून, तुझ्याबरोबर पुन्हा चित्रित करायचा आहे. कमी म्हणजे किती, ते सांगते. ती बाई दुःखी आहे, पण त्याआधी दमलेली आहे. पहाटेपासून मुलाची तयारी करून तिची टाच ठणकते आहे. दुःखाला अजून बसायला जागा मिळालेली नाही. ते उद्या येईल. पाढ्यात सांगायचं तर एकोणीस सकपर्यंतच जायचं. टाच, चहा यांपैकी काय घ्यायचं, काय टाकायचं ते तू ठरव. या वेळी ते तुझं काम असेल.

मी कट म्हटलं की भिंगावरचं झाकण तू स्वतः लाव. कॅमेरामनला हे सांगितलं आहे. त्याच्या अंगाला कुणी हात लावलेला चालेल, कॅमेऱ्याला नाही, तरी तो बरं म्हणाला.

त्या दिवशी संध्याकाळी सहाला काम थांबेल, झालं असो वा नसो. त्यानंतर आपण दोघी जेवायला जाऊ. चित्रपटाबद्दल बोलायचं नाही. मग कशाबद्दल बोलायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

कालपासून घरी झोपते. बाबा तेल लावतात आणि जिन्याशी बोलत नाहीत.

ती खोली आपल्याकडे २० तारखेपर्यंतच आहे. टेबल आणि दोन्ही कप तसेच ठेवले आहेत. नाही म्हणालीस तर शेवट तुझ्याशिवाय कसा करायचा ते बघेन, दुसऱ्या कुणाला तिथे बसवणार नाही.

आहे तो लोभ राहू दे. येशील की नाही, ते सोमवार, १६ मार्चपर्यंत कळव.

तुझी,
भाची