गाडीची किल्ली मी नेली आहे

बंड्या,

किल्ली शोधत बसू नकोस, ती घेऊन मी गॅरेजवाल्याला बोलवायला गेले आहे. तुझ्या पिल्लूला आज बसने शाळेत सोड. रुसली तर माझं नाव सांग.

काल तू म्हणालास, "या खटाऱ्याला तपासणीचं मशीन लावायला जागाच नाही, म्हणजे बिघाडही नाही." अरे, जुन्या गाड्यांत ती जागा स्टिअरिंगखाली नसते. बॉनेटखाली, बॅटरीमागे काळ्या झाकणाची छोटी डबी आहे. तुझे बाबा त्यांच्या गाडीत तिथली दोन भोकं वायरच्या तुकड्याने जोडायचे आणि मी आत बसून स्टिअरिंगसमोरच्या इंजिनाच्या दिव्याची उघडझाप मोजायची. तू मागच्या सीटवर झोपलेला असायचास.

आज तुम्ही उठायच्या आत मी एकटीने तेच केलं. खात्री करायला पुन्हा मोजलं. दिवा एकदा लांब लागतो, मग तीनदा पटपट. त्याचा अर्थ मला अजून पाठ आहे. इंजिनाचा सेन्सर जातोय. गाडी चालता चालता बंद पडेल आणि ब्रेक दगडासारखा घट्ट होऊन दाबला जाणार नाही.

दुसरी किल्ली तुझ्याकडे असेलच, म्हणून हे लिहिते. बॅटरीची वायर काढून लावली की दिवा विझतो, पण बिघाड तिथेच राहतो. त्या शेवटच्या सकाळी घाटाकडे निघताना तुझ्या बाबांनी तो असाच विझवला होता. मला बोलावून दाखवला आणि म्हणाले, "बघ, झाली बरी."

पिल्लूला घेऊन त्या गाडीत बसू नकोस.

आई