व्यवसायाचा रकाना

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. खुशालराव काकांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरची पूजा केली. आमच्या वधू-वर मंडळाचे सचिव तेच, पुजारीही तेच. हळदकुंकू, झेंडूचा हार, उदबत्ती – सगळं यथासांग. शेवटी फूल तांब्यात बुडवून शिंपडायला लागले तेव्हा मी म्हटलं, काका, आधी बंद तर करू द्या मशीन. "देवाचं पाणी हाये रागिणी, त्यानं काही होत नाही."

झालं! जाळीतून पाणी आत. चट्ट आवाज, जळका वास, पडदा काळा. काका म्हणे नारळ फोडायचा राहिला म्हणून असं झालं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दुरुस्तीवाला विपुल येऊन गेला. पॉवर सप्लाय जळाला, जळता जळता हार्ड डिस्कलाही घेऊन गेला. नवीन टाकावी लागेल. माझी सगळी स्थळं त्यात होती. नशीब, गणपतीच्या आधी पेनड्राइव्हवर एक प्रत करून ठेवली होती. त्यानंतर आलेले फॉर्म पुन्हा टाइप करा आता.

वधू-वर परिचय मेळावा ९ नोव्हेंबरला. स्थळांची पुस्तिका त्या दिवशी लोकांच्या हातात पाहिजे. काका दोनदा बजावून गेले, जसं काही पाणी मीच शिंपडलं.

अन् यंदाच्या पुस्तिकेत श्याम आहे. माझा धाकटा भाऊ. कौंडण्यपूरच्या अलीकडे आमचं शेत – तूर, सोयाबीन, विहिरीला बारमाही पाणी. सुपारीचंही व्यसन नाही. पण पस्तिशी उलटली. मुलीवाले ‘शेती’ हा शब्द वाचतात अन् पान पलटवतात. मागच्या महिन्यात माहेरी गेली तेव्हा म्हणाला, "ताई, हे शेवटचं. याच्यानंतर माहं नाव कोठीच टाकू नको." आई तिथून उठून चुलीपाशी जाऊन बसली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नवीन डिस्क बसली. मशीन पळून राहिलं. बाकी काहीच चालत नाही.

स्थळांची फाइल उघडली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. जुना मराठी फाँट जुन्या डिस्कसोबतच गेला. विपुलला म्हटलं, तोच टाकून दे. "ताई, तो फाँट आता कोण वापरते? युनिकोडमधे या." जशी काही मी बैलगाडीतच फिरून राहिली आजवर!

८ ऑक्टोबर, बुधवार

कीबोर्डही बदलला. म्हणजे बटनं तीच, अक्षरं दुसरीकडे. माझी बोटं टाइपरायटरवर शिकलेली. क दाबला तर नुसतं पाय मोडायचं चिन्ह उमटतं, काना दाबला तर क येतो. आज दिवसभरात एक फॉर्म झाला. एक! रडू आलं खरोखर. काका शेजारी बसून पेपर वाचत होते. म्हणे, "नवीन मशीन फास्ट हाये म्हणत होता न तो?"

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज दुपारी वर्ड उघडलं तर लाल पट्टी – परवाना नाही. सकाळी तर चालत होतं. विपुल फोन उचलत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

विपुल आला. पट्टी गेली, प्रिंटर गेला. "एक काम सुधरोतो तं दुसरं निघते, मी काय करू ताई." मग मी काय करू बाप्पा?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विपुलने एक कन्व्हर्टर दिला. जुना मजकूर त्यात टाकायचा, खालून युनिकोड निघतो. निघतो खरा, पण दळण नीट न झाल्यासारखा. जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या भलत्याच अक्षरांना. ‘शेती’ हा दोन अक्षरांचा शब्द, तो पाच तऱ्हांनी आला – शती, शेत, शोती, काय काय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज डोकं चाललं. एक्सेलमधे व्यवसायाचा रकाना निवडला अन् अक्षरांच्या क्रमाने लावला, म्हणजे सारख्या चुका एकाखाली एक येतील. लावताना मशीनने काहीतरी इंग्रजीत विचारलं. आठ दिवसांपासून विचारूनच राहिलं आहे – हे करू का, ते करू का, नक्की ना? दाबलं एक बटन, खिडकी गेली. मग सगळ्या ‘शेती’ एका फटक्यात दुरुस्त केल्या. शिक्षक, क्लर्क, इंजिनिअर, सगळे चकाचक. नंतर फॉर्मच्या क्रमाने पानं लावून टाकली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा घरी हसत गेली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रूफ निघालं. काकांची तपासायची पद्धत ठरलेली – नाव, फोटो, फोन. "हे तीन बरोबर तं पुस्तक बरोबर. बाकीचं लोक बोलणीले बसल्यावर इचारतातच." मी श्यामचं पान काढलं. फोटो छान आला आहे, दाढी केलेली, आकाशी शर्ट. बाकीचं काय वाचायचं, तोंडपाठच आहे. दिवाळीच्या आधी छपाईला गेलं एकदाचं. सुटली मी.

९ नोव्हेंबर, रविवार

मेळावा पार पडला. पाय दुखून राहिले. श्याम आला नाही, तुरीवर फवारणी होती म्हणे. फवारणी कसली – मंचावर उभं राहून ‘मी शेती करतो’ म्हणायचं अन् समोर खुर्च्या सरकताना पाहायच्या, हे त्याला नको झालं आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

आईचा फोन! अकोटहून रामराव म्हणून कोणी आहेत, त्यांनी काल पुस्तिका पाहून रात्रीच श्यामला फोन केला. मुलगी पायल, बी.कॉम. झालेली. पुढच्या रविवारी सगळे घर पाहायला येणार. स्वतःहून! आई बोलता बोलता रडायला लागली. मीही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी ऑफिस उघडत नाही तोच एक गृहस्थ पुस्तिका टेबलावर आपटत उभे. "माहा पोरगा पुण्याले इंजिनिअर, अन् तुमी शेती छापली? समाजात तोंड दाखवाची जागा नाही ठेवली. काहून असं केलं तुमी?"

चोरी छापली असती तरी एवढा संतापला नसता माणूस. अंगाचा तिळपापड झाला माझा, पण पान पाहिलं तर खरंच शेती. मागचं पान पाहिलं. नागपूरचा डॉक्टर – किराणा दुकान. श्यामचं पान काढलं.

व्यवसाय : शिक्षक (कायम).

१२ नोव्हेंबर, बुधवार

विपुलने दोन मिनिटांत सांगितलं. मी एकच रकाना क्रमाने लावला. बाकीचे रकाने जागीच राहिले. नाव ज्याचं त्याचं, फोटो ज्याचा त्याचा, धंदा भलत्याचाच. "मशीननं इचारलं असन न ताई, बाकीचे रकाने सोबत घेऊ का म्हणून?" विचारलं होतं. मीच वैतागून ‘नाही’ म्हटलं.

काका म्हणाले शुद्धिपत्रक काढू, सगळ्यांना पोस्टाने पाठवू. मग दार लोटून हळूच म्हणे, "अकोटवाल्याले मात्र रविवारनंतर पाठव. एकदा पोरगं पाहिलं, घर पाहिलं, का मन वळते लोकाईचं. तुह्या भावाचं कल्याण होईन पोरी."

अकोटचं पाकीट बाजूला ठेवलं. स्वतःच्या हाताने ठेवलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

श्यामला फोन लावला. तुरीला फुलोरा चांगला आहे म्हणाला. आई भिंती सारवून घेऊन राहिली. अजून काय, विचारलं तर म्हणे काही नाही. तो इतका शांत का आहे ते समजत नाही. त्याने पुस्तिका पाहिली का, हे विचारायची हिंमत झाली नाही. पाहिली नसेल तर बिचारा खुशीत असेल. मी कशाला विरजण घालू?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवण गेलं नाही. समजा रविवारी सगळं जुळलं. मग? चहा पिता पिता कोणी विचारेल, शाळा कोणती हो तुमची? अन् माझा भाऊ सर्वांसमोर खाली मान घालेल. आमच्याच अंगणात. आईच्या देखत. ते लोक खोटारडे म्हणून उठून जातील, अन् गावभर तेच होईल.

संताप येतो तो वेगळाच. त्या इंजिनिअरच्या बापाला मी मनात शिव्या दिल्या, अन् मी काय केलं? शेतकऱ्याचीच पोर मी. तरी माझ्याच भावाची शेती पाकिटात लपवून ठेवली!

उद्या रामरावांना फोन करीन. स्थळ गेलं तर जाऊ दे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

केला फोन. एका दमात सांगितलं – भाऊ शिक्षक नाही, शेती करतो, चुकून छापलं. रामराव म्हणाले, "मालूम हाये बाई. शाळा कोणती म्हणून मी इचारलं, तं पयल्याच फोनवर सांगतलं त्यानं. म्हणे मी कास्तकार हावो, माह्या बहिणीनं मायेपोटी खोटं छापलं असन, तिले काही म्हणू नका. ते आयकूनच तं आमची पायल म्हणाली, आपण जाऊन पाहू."

म्हणजे श्यामला वाटतं मी मुद्दाम छापलं. अन् आठवडाभर मला एका शब्दाने बोलला नाही.