टोपीवालीची पडताळणी

८ फेब्रुवारी, रविवार

काल घडलं ते क्रमाने:

१. भेट संध्याकाळी पाचला ठरली होती. मी चार चाळीसला पोचले आणि कॅफेच्या समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. आत गेले नाही.
२. तो पाच वाजून चार मिनिटांनी आला. शर्टावर केस, पांढरे, तीन. जनावरांचा डॉक्टर आहे, त्यामुळे कुत्र्याचे धरले.
३. कॉफी दोन. त्याने साखर घेतली नाही. प्रोफाइलवर ‘गोड खातो’ असं लिहिलंय. विसंगती एक.
४. त्याने विचारलं, “हसताना तुम्ही आवाज का बंद करता?”
५. पाच बावन्नला, लॅबमधून फोन आलाय असं सांगून उठले. फोन आला नव्हता.
६. परत येताना बसमधून दोन स्टॉप पुढे उतरले. कारण: खिडकीतून बाहेर बघत होते.

निष्कर्ष: नाही. एका रीडिंगवरून निष्कर्ष काढत नाहीत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पुढे गोंधळ नको म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते.

मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये आहे. लोक आपले तराजू, थर्मामीटर, प्रेशर गेज पाठवतात; ते खरं दाखवतात की नाही, हे आम्ही तपासून सांगतो. खोली वीस डिग्रीला बांधलेली. दारं दोन. एक पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. ऑफिसचा एक अलार्म-फोन कायम माझ्याजवळ असतो, घरीसुद्धा: खोलीचं तापमान हललं की तो वाजतो. तो बंद करायचा नाही, कुठे विसरायचा नाही.

डेटिंग ॲपवर आठ महिने झाले. डॉक्टर अकरावा. आधीच्या दहांबद्दल लिहिण्यासारखं नाही. सगळ्यांचं पहिलं रीडिंग तेच शेवटचं.

ठराव: तीन भेटींशिवाय मत बनवायचं नाही. तीन भेटींशिवाय फोन नंबर द्यायचा-घ्यायचा नाही. जे बोलायचं ते ॲपवर. भावना त्यानंतर.

त्याचं अंतर ॲप दाखवतं. घरून चार किलोमीटर, लॅबमधून अकरा. रोज टिपते. उपयोग माहीत नाही, पण माहिती असलेली बरी.

११ फेब्रुवारी, बुधवार

तीन रीडिंग एकाच यंत्राची असली तर पुरत नाहीत. दुसऱ्या यंत्राने पडताळणी लागते. म्हणून अलार्म-फोनवर, त्याच नंबरवरून, दुसरं खातं उघडलं. फोटो वहिनीचा: टेकडीवर, पाठमोरी, डोक्यावर भली मोठी टोपी. तिला विचारलं नाही. पाठीवरून कोण ओळखतं? नाव ठेवलं टोपीवाली.

हे खोटं बोलणं नव्हे. तराजूवर माहीत असलेलं वजन ठेवताना आपण तराजूला आधी सांगत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार, १३:१०

डॉक्टरने टोपीवालीला सहा मिनिटांत उत्तर दिलं. माझ्या पहिल्या मेसेजला त्याने दोन दिवस लावले होते. नोंद केली. वाईट वाटलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

टोपीवाली आणि डॉक्टर चौथ्या दिवशी अरे-तुरेवर आले. माझ्याशी त्याचं अजून अहो-जाहो.

टोपीवाली बरीच बडबडी निघाली. काहीही विचारते. तिचं काही रेकॉर्डवर नसल्यामुळे ते चालतं. आज त्याने तिला दवाखान्यातल्या पोपटाची गोष्ट सांगितली. पोपट मालकाला सासूच्या आवाजात ओरडतो. सासू वारून दोन वर्षं झाली. मालक अजून “हो आई, आलो” म्हणत उठतो. मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात होते. हसले. आवाज आला. वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकून पाहिलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दुसरी भेट. डॉक्टरने मला तीच पोपटाची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा ऐकतेय असं हसायचं होतं. वेळ चुकली. सासू वारल्याचं त्याने सांगायच्या आधीच हसले.

तो थांबला. म्हणाला, “अजून सांगायचंय.” मी म्हटलं, ठसका लागला. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि माझं पिऊन होईपर्यंत बघत राहिला. बाकी भेट सामान्य. साखर पुन्हा नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरचा टोपीवालीला मेसेज: “तुला आधीच सांगतो, नंतर गैरसमज नको. मला एक मुलगी आवडलीय. दोनदा भेटलो. तुझ्याशी गप्पा मारायला छान वाटतं, पण तेवढंच.”

पडताळणी पूर्ण. माणूस खरा आहे. दुसऱ्या खात्याचं काम संपलं. उद्या बंद करते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

खातं बंद केलं नाही. लॅबमध्ये दिवसभर काम होतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज काम नव्हतं. पण एकदम बंद केलं तर त्याला संशय येईल.

१ मार्च, रविवार

आईबरोबर मावशीकडे गेले होते. शहराबाहेर, सव्वीस किलोमीटर. आईने मावशीला माझ्यासमोरच सांगितलं, “हिला कोण पसंत पडणार? माणूस घरात आला की ही त्याची इस्त्री बघते.” मावशी म्हणाली, “बघू दे की. आपण नाही बघितली, काय मिळालं?” दोघी खूप हसल्या. मी अंगणात गेले.

तिथे टोपीवालीला मेसेज आला. डॉक्टरला सल्ला हवाय: “ती माझ्याकडे अशी बघते, जणू मी वजनकाट्यावर उभा आहे. हलू की नको कळत नाही. मांजर कपाटाखाली शिरलं की मी ओढत नाही, जमिनीवर बसून राहतो, पण इथे काय करू?”

बाहेरच्या माणसाने देईल तसा, निष्पक्ष सल्ला दिला: तिला वेळ दे. आठवडाभर काही लिहू नकोस.

८ मार्च, रविवार

आठवडा झाला, डॉक्टरने मला एक अक्षर लिहिलेलं नाही. माणूस इतका निष्काळजी असेल असं वाटलं नव्हतं. टोपीवालीला मात्र रोज लिहितो. आज तर तिला जखमी कासवाचा फोटो पाठवला. मला आजवर एकाही प्राण्याचा फोटो आलेला नाही.

टोपीवालीचं वागणंही मला पटत नाही. त्याला आवडणारी मुलगी आहे हे माहीत असून हिने किती बोलायचं?

१० मार्च, मंगळवार

जेवताना अलार्म-फोन दोनदा वाजला. वहिनी म्हणाली, “काय गं, तुमच्या लॅबला जेवणाच्या वेळीच ताप कसा चढतो?” मी म्हटलं, कॉम्प्रेसरचा प्रॉब्लेम आहे. वहिनी म्हणाली, “असेल बाई. पण कॉम्प्रेसर बिघडला की आमच्या मॅडमच्या गालावर खळी पडते, हे नवीनच.” दादा हसला. आई म्हणाली, भाजी वाढा.

या घरात बोलायला जागा नाही. खोलीत आई, हॉलमध्ये दादा, गच्चीला कुलूप. बाथरूममध्ये नळ सोडून उत्तर लिहावं लागतं. पाण्याचा अपव्यय होतो.

१४ मार्च, शनिवार

परिस्थितीत हस्तक्षेप आवश्यक होता. टोपीवालीने डॉक्टरला लिहिलं: आता बोलाव तिला. एका मिनिटात माझा स्वतःचा फोन वाजला: “येत्या शनिवारी भेटायचं का?”

स्वतःहून बोलावलं. बरं वाटलं.

१८ मार्च, बुधवार

शनिवारची योजना: तिसरी भेट, तिसरं रीडिंग, फोन नंबर देणे. मग टोपीवाली नोकरीसाठी दुसऱ्या देशात जाईल आणि खातं बंद होईल. तिचा निरोपाचा मेसेज लिहून ठेवला. तीन मसुदे झाले. तिसरा वाचताना डोळ्यांत पाणी आलं. स्क्रीनचा ब्राइटनेस जास्त होता.

२१ मार्च, शनिवार, १९:००

तिसरी भेट. नेहमीचं टेबल. डॉक्टरने आज कॉफीत दोन चमचे साखर घातली. मी बघितलं. तो म्हणाला, “तुम्ही मोजत होतात म्हणून दोनदा नाही घातली. कडू कॉफीने जीव गेला.”

पर्समधून फोन काढून मी नंबर सांगणार होते, तेवढ्यात त्याने टेबलाखाली काहीतरी टाइप केलं. माझ्या पर्समध्ये अलार्म-फोन वाजला.

मी म्हटलं, लॅब. तापमान.
तो म्हणाला, “अरे. किती झालं?”
मी न बघता सांगितलं, वीस पॉइंट चार.
त्याने पुन्हा टाइप केलं. फोन पुन्हा वाजला. “आता?”
वीस पॉइंट सहा.
तिसऱ्यांदा वाजला. “एकवीस?”
मी म्हटलं, मला जावं लागेल.
तो हसला नाही. म्हणाला, “जा. पण तुमच्या लॅबचं एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत.”

बसस्टॉपवर मेसेज बघितले. टोपीवालीला तीन होते.
“हसताना आवाज येऊ दे.”
“मी कुठे जात नाही, इथेच बसलोय.”
“परत ये.”

बहुधा योगायोग. परत जाण्यात अर्थ नव्हता, बस समोरच उभी होती. बसमध्ये बसल्यावर टोपीवालीकडून उत्तर दिलं: “कोणी परत यायचं? चुकून मला पाठवलंस का?”

वाक्य व्यवस्थित होतं. कुठेही संशयाला जागा नाही.

२२ मार्च, रविवार

सकाळी डॉक्टरने माझं खातं त्याच्या यादीतून काढून टाकलं. खऱ्या फोटोचं. आता तिथून त्याला लिहिता येत नाही. त्याचा नंबर माझ्याकडे नाही. तीन भेटींशिवाय घ्यायचा नाही असा माझाच ठराव होता.

टोपीवालीला मात्र मेसेज आलाय. जसाच्या तसा उतरवते:

“दवाखान्यात पेशंट नसले की ॲप बघायचो. सकाळी तुम्ही दोघी चार किलोमीटरवर. साडेनऊला दोघी अकरा. संध्याकाळी दोघी परत चार. एका रविवारी दोघी सव्वीस किलोमीटरवर गेलात, म्हटलं सहल होऊ दे. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आधी राग आला. मग वाटलं, बघू, दोघींतली कोण आधी सांगते. आठवडाभर लिहू नकोस म्हणालीस, नाही लिहिलं. तो आठवडा फार वाईट गेला. काल तू सांगशील असं वाटलं होतं. जिच्याबरोबर कॉफी प्यायलो ती काही सांगत नाही, म्हणून तिचं खातं काढलं. हे ठेवतोय. इथे निदान कोणी बोलतं. पण मीही फार दिवस जमिनीवर बसून राहणार नाही.”

प्रतिक्रिया: एखाद्याच्या येण्याजाण्याची रोज नोंद ठेवणं हे गंभीर आहे. (मीही ठेवत होते. माझं कारण वेगळं होतं.)

२४ मार्च, मंगळवार

गेल्या वर्षी मी एका कंपनीचा अख्खा रिपोर्ट परत पाठवला होता. आज फाइल काढून पाहिली. शेरा माझ्याच अक्षरात: ‘दोन्ही यंत्रं एकाच ठिकाणची. पडताळणी अमान्य.’

दुपारी साहेबांनी बोलावलं. अलार्म-फोन शुक्रवारी संध्याकाळी सहाला जमा करायचा. नंबर बंद होतोय, नवीन यंत्रणेत अलार्म सगळ्यांना एकदम जाणार. “सुटलीस बघ,” साहेब म्हणाले. “चोवीस तास गळ्यात बांधल्यासारखा होता.” मी हो म्हटलं.

नंबर गेला की टोपीवालीचं खातं जाणार. म्हणजे शुक्रवारी सहानंतर दोघींपैकी कोणीच उरत नाही.

जेवल्यावर वहिनीला सगळं सांगितलं. तिने आधी फोटो बघितला. “ही माझी पाठ ना गं?” मग म्हणाली, “दवाखाना कुठे ते माहीत आहे ना? जा की सरळ.” मी म्हटलं, आजारी जनावर नसताना दवाखान्यात कसं जायचं? वहिनीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “आहे की.”

२५ मार्च, बुधवार

अर्धी सुट्टी घेतली. चार चाळीसला दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर पोचले.

काचेतून आतलं दिसत होतं. एक बाई रिकामी टोपली घेऊन खुर्चीत. डॉक्टर औषधांच्या कपाटासमोर फरशीवर पालथा पडलेला, गाल जमिनीला. हात पुढे नाही, हाक नाही. नुसता पडून होता. मी घड्याळ लावलं. नऊ मिनिटं. मग कपाटाखालून एक करडं मांजर आपण होऊन बाहेर आलं आणि त्याच्या कोपरावर बसलं.

तो हसला. शर्ट झटकला. बाई टोपली घेऊन बाहेर पडली, दार तिच्यामागे हळूहळू मिटत होतं. रस्ता ओलांडायला सात सेकंद पुरले असते. मी दार पूर्ण मिटेपर्यंत थांबले. मग बसस्टॉपवर आले.

१८:२०

बसमधून खालील मजकूर पाठवला. टोपीवालीच्या खात्यावरून. दुसरं खातं नाही.

“१. टोपीवाली मी आहे.
२. पाठ आणि टोपी माझ्या वहिनीची. तिला काल कळलं. ती रागावली नाही, पण फोटो काढून टाक म्हणाली.
३. पहिल्या भेटीत लॅबमधून फोन आला नव्हता. शनिवारीही नाही. खोली वीस डिग्रीलाच होती.
४. पोपटाच्या गोष्टीला मी आधीच हसले होते, जिन्यात. आवाज आला होता.
५. आठवडाभर लिहू नकोस हा सल्ला चुकीचा होता. माझाही आठवडा वाईट गेला.
६. आज मी तुझ्या दवाखान्यासमोर होते. मांजर बाहेर आलं ते पाहिलं. आत आले नाही. याला कारण नाही.
७. माझा स्वतःचा नंबर खाली देत आहे. हा फोन शुक्रवारी संध्याकाळी सहाला जमा होतो, त्यानंतर इथे लिहिलेलं मला मिळणार नाही.

‘नको’ असेल तरी चालेल, असं लिहिलं होतं. ते खोडलं.

शुक्रवारी, २७ मार्चला, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर दे.”