अष्टमीचा निवद

सांगली, २२ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
समीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या चौकीवर फोन लागत नाही, म्हणून पत्र. आईने यंदाही गावी, माणात घट बसवलेत आणि नऊ दिवसांचा कडक उपास धरलाय. नुसतं पाणी आणि बिनसाखरेचा चहा. इन्सुलिनची सुई मात्र न चुकता घेते. डॉक्टरचा शब्द मोडायचा नाही आणि देवीचाही नाही, असं तिचं म्हणणं. मला काळजी वाटते. अष्टमीला मी जातेच आहे, पण तूही दोन शब्द लिही.

माया आहेच, ती असू दे.
तुझी समीक्षा


सीमेवरून, २९ सप्टेंबर

चि. समीस अनेक आशीर्वाद.

पत्र आज पोचलं. आईने मेंढरांमागं अर्धा जन्म उपाशी काढलाय, तिला नऊ दिवसांचं काय? सांगलीला गेल्यापासून तू लय भित्री झालीस. अष्टमीला दरवर्षीसारखी देवी तिच्या अंगात आली की माझी रजा कधी ते विचार. साहेबाच्या आधी तीच सांगेल.

पोरांना पापा. लोभ कमी करू नको.
तुझा रविराज


सांगली, ६ ऑक्टोबर

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र मला दवाखान्यात मिळालं. आई इथे आहे.

अष्टमीला सकाळी सुई घेऊन ती घटापुढे बसली. दुपार होता होता घामाने भिजली, थरथरली, काहीबाही बोलू लागली. देवी आली म्हणून आम्ही सगळ्यांनी हात जोडले. लय भूक लागलीया, असं ती सारखं म्हणत होती. नाथाजीकाका म्हणाले, देवी मागतीया, निवद दावा. मीच पुरणपोळीचं ताट घटापुढे ठेवलं. आईचा हात ताटाकडे गेला, तर उपास मोडंल म्हणून काकांनी तो धरला. मग ती निपचित पडली. देवी शांत झाली, उठवू नका, म्हणून आम्ही तिच्यावर घोंगडं घातलं. संध्याकाळी झटके आले, तेव्हा कुठे गाडी बोलावली.

डॉक्टर म्हणतात, रक्तातली साखर फार वेळ तळाला होती, मेंदूला इजा झाली. साखर आता वर आलीय, पण मेंदूचं किती भरून येईल ते सांगता येत नाही. आई डोळे उघडे ठेवून पडलेली असते. मला ओळखत नाही. दादा, मला फार भीती वाटते.

काल काका आले. देवी अजून उतरली न्हाई, म्हणाले. उद्या गाडी आणून तिला घरी देवापुढे बसवणार आहेत, दर्शनाला माणसं थांबलीत म्हणे. मी साखरेचं सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आईच्या पायावर डोकं ठेवलं. तर आईने, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. आता माझं कोण ऐकणार?

लोभ राहू दे, पण आधी तू ये.
समी