थैली म्हणजे पिशवी नव्हे

५ फेब्रु.
मुक्ताला आज पुन्हा ऑफिसातून अर्ध्या दिवसात घरी यावं लागलं. कॅबमधून उतरताना दार धरून वाकली. पाळी संपली तरी ओटीपोटात कळा. गरम पाण्याची पिशवी दिली. "काही नाही आई, जस्ट गॅस." लेक मला गॅस सांगते!

७ फेब्रु.
गुडगाव, नवी डॉक्टरीण. दवाखान्यात कॉफीचं दुकान कशाला? म्हणे अंडाशयावर जुन्या रक्ताची गाठ, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयामागे आतडं चिकटलंय. गोळ्या करून झाल्या, आता दुर्बिणीतून ऑप.
मुक्ता फोन घ्यायला बाहेर गेली तेव्हा विचारलं, "थैली तो नहीं निकालेंगे ना?"
"थैली तो निकालनी ही पड़ेगी आंटी, वरना फिर भर जाएगी." वर हसली.
एकतीस वर्षांची पोर. लग्न व्हायचंय. आणि ही हसते.
मुक्ताला अजून सांगितलं नाही.

९ फेब्रु.
फोनवर मिळेल ते वाचतेय. चिकटलेलं सोडवतात, आजार कापून काढतात किंवा जाळतात. पिशवी काढणं अगदी शेवटी. मग हिला एवढी घाई का?
'छोटा सा ऑपरेशन है' ह्यांच्या वेळीही म्हणाले होते. त्यानंतर हे घरी आलेच नाहीत.
बाहेर हिंदीत बोलायचं काम ह्यांचं होतं. मी मागे भाजी धरून उभी. आता मीच पुढे.

१२ फेब्रु.
राहवेना. म्हटलं, पिशवी काढू द्यायची नाही.
"कुठली? गरम पाण्याची?"
"अगं, गर्भाची! 'थैली निकालनी ही पड़ेगी' म्हणाली ती डॉक्टरीण."
"गर्भाशयाला पिशवी म्हणतात? सीरियसली?" पोट धरून हसली, कळ येईपर्यंत. "आई, त्या गाठीच्या थैलीबद्दल बोलत होत्या. नुसतं आतलं रक्त उपसलं आणि आवरण ठेवलं तर गाठ परत भरते. बच्चेदानी म्हणायचं ना यार!"
मीही हसले. हे असते तर सांगितलं असतं.
नंतर मेथी निवडताना खटकलं. गर्भाशय काढण्याबद्दल डॉ. माझ्यापुढे अवाक्षर बोलली नाही. आणि मुक्ताला सगळं कसं तोंडपाठ?

१३ फेब्रु.
सरळ विचारलं. ती चहा ढवळत बसली. साखर घेत नाही ती.
"मी आधी एकदा ह्याच डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आले. सगळंच काढून टाका म्हटलं. त्याच नाही म्हणाल्या. बाकीचा आजार आत राहिला तर बच्चेदानी काढूनही दुखू शकतं. आधी गाठ काढू, चिकटलेलं सोडवू."
"आणि परत चिकटलं तर?"
"चिकटतं कधी कधी. तसं झालं तर मी परत तेच म्हणणार. तेव्हा तू आडवी येऊ नकोस."
एवढे दिवस डॉ.वर संशय घेतला, आणि काढा म्हणणारी माझीच लेक.

१७ फेब्रु.
ऑप.च्या आधीचं शेवटचं बोलणं उद्या. मुक्ता म्हणाली, "आत चल. पण थैली म्हणू नकोस हं." आज सकाळपासून उठलेली नाही. पिशवीतलं पाणी तीनदा बदललं.
बच्चेदानी. शब्द पाठ केलाय. त्या शब्दापुढे 'मत निकालिए' म्हणायचं, की मुक्ता म्हणेल तसं, की... मुक्ताची हाक. पिशवी परत गार झाली असणार.